‘हाय खाल्ली’ : मराठी साहित्यातील बोलके म्हातारपण

मराठी रंगभूमीवरचा म्हातारा फार बोलतो. तो हसविणारा असो की रडविणारा, त्याच्या तोंडाला विश्रांती म्हणून नसते. आमच्या नगरच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकविणारे मधुकर तोरडमल ह्यांनी ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’ लिहिले आणि ‘अर्क’ हा शब्द म्हाताऱ्यांना कायमचा चिकटला. त्याच सुमारास वि. वा. शिरवाडकरांचा अप्पासाहेब बेलवलकर रंगमंचावर आला आणि म्हातारपणाच्या दुःखालाही असामान्य वाणी लाभली. एक म्हातारा मिस्कील, दुसरा उद्ध्वस्त. पण दोघेही वक्ते. ह्या दोघांच्या मधला, न बोलणारा जो तिसरा म्हातारा, तो आपल्या साहित्यात जवळजवळ नाही. आपल्या घरांत मात्र तोच अधिक आहे. त्याच्याविषयी मला काही म्हणावयाचे आहे.

नगरचे नाव आता सरकारदरबारी अहिल्यानगर झाले आहे. जुनी माणसे अजून ‘नगर’च म्हणतात, आणि मीही तसेच म्हणणार आहे.

प्रथम ‘नटसम्राट’ घेऊ. हे नाटक २३ डिसेंबर १९७० रोजी प्रथम रंगभूमीवर आले. १९७४ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०१६ साली त्यावरचा चित्रपट आला तेव्हाही लोकांनी चित्रपटगृहांत गर्दी केली. इतकी वर्षे एखादी कलाकृती समाजाच्या मनात घर करून राहते तेव्हा ती केवळ करमणूक करीत नाही. पाहण्याची एक रीत शिकविते. ‘नटसम्राट’ने आपल्याला वार्धक्याचे दुःख कसे पाहावयास शिकविले? असे की, दुःखी म्हातारा आपले दुःख स्वतः सांगतो. त्याला शब्द सापडतात, नुसतेच सापडतात असे नव्हे, तर भव्य सापडतात. त्याला अपमानाची तारीख ठाऊक असते, अपमान करणाऱ्याचे नाव ठाऊक असते, आणि जगण्यामरण्याचा प्रश्न तो मोठ्याने विचारू शकतो. ह्यात नाटककाराचा दोष काही नाही. अप्पासाहेब नट आहे. नटाने बोलायचे नाही तर कोणी बोलायचे? किंग लिअरच्या घराण्यातला हा पुरुष आहे, त्याला मौन शोभले नसते. परंतु त्या नाटकातून बाहेर पडलेला प्रेक्षक जेव्हा घरी जातो आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले आपले वडील पाहतो, तेव्हा त्याला वाटते, ‘आपले अण्णा तसे नाहीत. ते तर काहीच म्हणत नाहीत.’ काही म्हणत नाहीत, म्हणजे काही दुखत नाही, असा त्याचा हिशेब होतो. हा हिशेब सर्वस्वी चुकीचा आहे.

जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ (१९७३) ह्या बाबतीत एक पाऊल पुढे जाते. तेथे राजवैभव नाही, गर्जना नाही. मध्यमवर्गीय नाना आणि नानी. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा हवाई दलात. पहिला परत यायचा नाही हे कळते, दुसरा युद्धात जातो, आणि ते दोघे आपले आयुष्य आपल्या हातांनी संपवितात. दळवींचे सामर्थ्य असे की, रिकाम्या दुपारीचा कंटाळा त्यांनी विलक्षण नेमकेपणाने पकडला आहे. तरीही ह्या नाटकाविषयी माझी एक जुनी तक्रार आहे. नाटक ज्या क्रमाने घडते तो क्रम गणितासारखा बिनचूक आहे: एक आधार गेला, दुसरा गेला, मग बाकी काय उरले? शून्य. प्रेक्षागृहातून डोळे पुसत निघालेला रसिक म्हणतो, ‘बिचारे! दुसरे करणार तरी काय?’ हे ‘दुसरे करणार तरी काय’ मला भयंकर वाटते. नाना-नानींची निराशा त्यांच्या परिस्थितीतून निघालेला तर्कशुद्ध निष्कर्ष आहे असा भास नाटक निर्माण करते. वस्तुतः निराशा हा निष्कर्ष नसतो. ज्या मनाने निष्कर्ष काढायचा ते मनच आजारी पडलेले असते, आणि ते बरे होऊ शकते. ही तिसरी वाट नाटकाच्या नकाशावर नाही.

म्हणजे आपल्या थोर नाटकांनी नकळत तीन गोष्टी गृहीत धरायला शिकविल्या. म्हाताऱ्याचे दुःख बोलून दिसते. त्याला कोणीतरी गुन्हेगार असतो, बहुधा मुलगा किंवा सून. आणि त्याचा शेवट ठरलेला असतो. नाटकाला ह्या तिन्हींची गरज असते, कारण संवाद, संघर्ष आणि पडदा ह्यांवाचून नाटक उभे राहात नाही. पण वृद्धांच्या नैराश्याचा जो खरा आजार आहे, ज्याला डॉक्टर डिप्रेशन म्हणतात, तो पुष्कळदा मुका असतो, पुष्कळदा त्याला कोणी गुन्हेगार नसतो, आणि त्याचा शेवट मुळीच ठरलेला नसतो.

हे मी पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाही. आमच्या जिल्ह्याची पूर्वेची बाजू, पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे तालुके, पाण्यावाचून पोळलेली. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथल्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रॅक्टरवर भांडीकुंडी आणि कडेवर पोर. ती माणसे परत येतात ती फाल्गुन-चैत्रात, कारखान्याचा पट्टा पडल्यावर. मागे राहतात ती म्हातारी माणसे, शाळेत जाणारी नातवंडे आणि एखादी शेळी. आपण दिवाळी अंक उघडून बसतो त्या दिवसांत ही गावे अर्धी रिकामी झालेली असतात. येथे ‘संध्याछाया’तली अमेरिका नाही, येथली अमेरिका चारदोन जिल्हे ओलांडून आहे, आणि ती दर वर्षी नव्याने जाते. मुलगे कृतघ्न नाहीत. पोटासाठी गेले आहेत, आठवड्याला फोन करतात. गुन्हेगार कोणाला ठरविणार?

पाथर्डी तालुक्यातल्या अशाच एका वस्तीवर एक वृद्ध गृहस्थ माझ्या परिचयाचे. भजनात पखवाज वाजवायचे. पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावावी लागते. ती कणीक मागायला ते रोज संध्याकाळी शेजारच्या घरी जायचे. एका हिवाळ्यात त्यांचे कणीक मागणे थांबले. कोणी विचारले, तर म्हणत, “हात दुखत्यात.” मग जेवण कमी झाले: “भाकर गोड लागंना.” मग झोप: “पहाटं तीनलाच डोळा उघडतो, मग काय नाय.” मग पोट, मग छातीतली धडधड, मग कंबर. मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी मला बसा म्हटले आणि पुढे अर्धा तास एक शब्द बोलले नाहीत. पूर्वी मला पाहिले की, “गुरुजी, काय म्हनतंय नगर?” असे विचारीत. वस्तीवरच्या लोकांचे निदान एका वाक्याचे: “म्हातारं झालं आता.” पण ते म्हातारे त्या हिवाळ्यात झाले नव्हते, दहा वर्षांपूर्वीच झाले होते, आणि त्या दहाही वर्षांत पखवाज वाजवीत होते. हा फरक ज्या व्यक्तीने ओळखला ती शेजारची सून. ती आशाताईला म्हणाली, “बाबांनी दोन महिने झालं कणीक मागितली नाही. काहीतरी बिनसलंय.”

त्या बाईने जे केले त्याला मी उत्तम समीक्षा म्हणतो. ज्या ठिकाणी काहीतरी असायला हवे होते आणि नव्हते, ते तिने वाचले. वृद्धांच्या नैराश्याची लक्षणे बहुतेक अशी नकाराच्या रूपाने येतात. ‘मी दुःखी आहे’ असे कोणी म्हणत नाही. भजनाला जाणे सुटते, पारावर बसणे सुटते, नातवाची चौकशी सुटते. दाढी वाढते, धोतर मळते. बोलणे आणि चालणे मंदावते, किंवा उलट नुसती येरझार चालू राहते. कधी दुःखाऐवजी चिडचीड दिसते, आणि घरातली माणसे ती स्वभावाच्या खात्यावर टाकतात. आपण घराला भार झालो, आपण आयुष्यभर चुकलो, असे पुन्हा पुन्हा येऊ लागते. आणि सगळ्यांत अधिक बोलते ते शरीर. कारण ज्या पिढीला मनाविषयी बोलण्याची मुभा नव्हती, तिला पोट दुखते म्हणण्याची मुभा होती. असे दोन आठवडे सतत राहिले तर ते वय नव्हे, आजार आहे असे धरून डॉक्टर गाठावा, एवढी साधी खूणगाठ वैद्यकशास्त्राने दिली आहे.

हे न ओळखण्याचे प्रमाण किती असावे? भारतात २०१७-१८ साली ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची मोठी पाहणी झाली. तिच्या अहवालानुसार साठीपुढच्या लोकांत शंभरात सुमारे ८ जणांमध्ये नैराश्याच्या आजाराची लक्षणे आढळली. डॉक्टरांनी असे निदान केल्याचे सांगणारे मात्र शंभरात एकही पुरते नव्हते, ०.८ होते. दहातील नऊ आजारी ओळखलेच गेले नाहीत, असा ह्याचा सरळ अर्थ. ते सगळे कोठे तरी ‘म्हातारं झालं’ ह्या पाच अक्षरी निदानाखाली पडून आहेत.

कोणी म्हणेल, साहित्यिकाने वैद्यकाचे पुस्तक लिहावे काय? मुळीच नाही. लक्षणांची यादी घालून लिहिलेली कथा मी स्वतः दोन पानांपुढे वाचणार नाही. माझे म्हणणे पाहण्याच्या रीतीविषयी आहे, आणि ती रीत मराठीत नव्याने आणावी लागणार नाही. ती आमच्याच जिल्ह्याशी निगडित असलेल्या एका लेखिकेने दाखवून ठेविली आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला. नगर-राहुरीच्या वास्तव्यातले किती तरी प्रसंग त्या पुस्तकात आहेत. पण मला येथे आठवतात ते त्यांचे वडील. १८५७ च्या धामधुमीत सासऱ्यांना फाशी झाले, त्या धक्क्यातून ह्या गृहस्थांना सोवळ्याचे वेड लागले. घरात येणारी वस्तू न वस्तू धुऊन घेतल्यावाचून त्यांना चैन पडेना. हा आजार नैराश्याचा नव्हे, निराळा आहे. परंतु लक्ष्मीबाई तो कसा सांगतात? वडिलांच्या मनात काय चालले होते ह्याचे एकही प्रवचन त्या करीत नाहीत. वडील काय करीत, घरात त्याचा काय परिणाम होई, आई ते कसे सोशी, एवढेच त्या सांगतात, आणि तेही हसत हसत. स्वगत नाही, खलनायक नाही. तरी मन कोठे मोडले आहे ते वाचकाला स्वच्छ दिसते. ज्याला मुके दुःख लिहायचे आहे त्याने ‘नटसम्राट’पेक्षा ‘स्मृतिचित्रे’ गिरवावी, असे मला वाटते. कणीक मागायची थांबली हे त्या बाईंच्या लेखणीतून सुटले नसते.

अलीकडच्या काळात सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर ह्यांच्या ‘अस्तु’ (२०१३) ह्या चित्रपटाने स्मृतिभ्रंश झालेल्या एका संस्कृत पंडिताचे चित्र फार संयमाने काढले. मोहन आगाशे ह्यांच्या अभिनयात वक्तृत्वाचा मोह कोठेच नाही; विद्वान माणसाच्या हातून जगाचा धागा सुटत जातो तो आपण केवळ पाहत राहतो. ह्या चित्रपटामुळे विसराळूपणाकडे आजार म्हणून पाहण्याची दृष्टी पुष्कळांना आली, हे त्याचे मोठे ऋण. परंतु आता दुसऱ्या टोकाची गफलत होऊ लागली आहे: प्रत्येक गप्प म्हाताऱ्याला ‘विसरण्याचा आजार’ चिकटविला जातो, आणि त्याला उपाय नाही असे समजून घरचे हात टेकतात. नैराश्यातही माणूस विसरतो. पण जुन्या डॉक्टरांनी ह्यातला एक भेद टिपून ठेवला आहे, आणि तो एखाद्या कादंबरीकाराने हेवा करावा असा आहे. स्मृतिभ्रंशाचा रोगी आपली विस्मृती झाकू पाहतो, चुकीचे का होईना उत्तर देतो, नैराश्याने ग्रासलेला माणूस आपल्या विस्मृतीची स्वतःच तक्रार करतो आणि उत्तर शोधायचा प्रयत्नच सोडतो: “मला नाही आठवत. मला नका विचारू.” अर्थात हा भेद नेहमीच इतका स्वच्छ नसतो, दोन्ही आजार एकत्रही नांदतात. कधी मुळाशी थायरॉइडचा बिघाड असतो, कधी ब जीवनसत्त्वाची उणीव, कधी पक्षाघाताचा मागे राहिलेला परिणाम, कधी चालू असलेले एखादे औषध, कधी ऐकू न येण्यातून आलेला एकाकीपणा. म्हणून निवाडा डॉक्टरांनीच करायचा. घरच्यांचे काम शंका घेण्याचे.

आता शब्दांविषयी, कारण समीक्षकाचे खरे राज्य तेवढेच. तिशीपुढच्या लोकांच्या तपासणीसाठी आशा सेविकांजवळ जे पत्रक असते त्यात मनाविषयी दोन प्रश्न घातलेले आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात गोडी वाटली नाही काय, आणि उदास किंवा निराश वाटले काय. योजना उत्तम आहे. पण आमच्या भागातल्या सत्तर वर्षांच्या शेतकऱ्याला “तुम्हाला निराश वाटते का?” असे छापील मराठीत विचारा, तो “नाय बा” म्हणून मोकळा होईल. ‘निराश’ हा त्याचा शब्दच नव्हे. त्याचे शब्द निराळे आहेत. जीव लागत नाही. जीव रमत नाही. कशात राम नाही. अन्न गोड लागत नाही. काळजात कालवाकालव होते. अंथरूण धरले. खंगला. झुरणीला लागला. आणि ह्या सर्वांचा मुकुटमणी: हाय खाल्ली. नुसत्या ‘हाय’ ह्या उद्गाराला मराठीने खाण्याची वस्तू केली. माणूस भाकरी सोडतो आणि हाय खातो. आजाराची कल्पना, त्याचे कारण, त्याचे शरीरावर होणारे काम, सगळे ह्या दोन शब्दांत आहे. साहित्याने जे नीट पाहिले नाही ते भाषेने केव्हाच पाहून ठेविले होते. तेव्हा प्रश्न विचारायचा तो ह्या भाषेत: “बाबा, एवढ्यात भजनाला दिसत नाही? जीव रमंना का?” उत्तर येते.

आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचे एक वाक्य मात्र जपून वाचावे लागते. “पांडुरंगा, ने आता” हे येथे निम्मी म्हातारी माणसे रोज म्हणतात, आणि म्हणून झाल्यावर चहा मागतात. ते भक्तीचे आणि थट्टेचेही वाक्य आहे. पण जो कधी म्हणत नव्हता तो म्हणू लागला, किंवा जो मोठ्याने म्हणत होता तो ते म्हणायचे थांबून चालू औषधे बाजूला सारू लागला, चीजवस्तू वाटू लागला, निरोपासारखे बोलू लागला, तर ते वाक्य राहात नाही. तेव्हा सरळ विचारावे, की जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत खोटी आहे. विचारल्याने बहुधा ओझे हलके होते. मग त्या माणसाला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. १४४१६ ह्या सरकारी दूरध्वनीवर रात्री-अपरात्रीही विनामूल्य सल्ला मिळतो. दिवाळी अंकात दूरध्वनीचा क्रमांक छापण्याची रीत नाही, पण ‘संध्याछाया’वर लिहिताना तो छापलाच पाहिजे असे मला वाटते.

हे सारे खेड्यात कोण करणार, असे विचारणाऱ्यांनी जामखेडकडे पाहावे. १९७० साली, म्हणजे अप्पासाहेब बेलवलकर रंगमंचावर आले त्याच वर्षी, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने तेथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. अक्षरओळखही नसलेल्या गावच्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका केले, आणि त्या बायांनी बाळंतपणापासून कुष्ठरोगापर्यंत दुखणी ओळखायला शिकून दाखविले. मन जाणण्याचे काम तर ह्याच बाया पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत; त्यांच्या जाणण्याला ‘आजार’ हे नाव आणि पुढची वाट दाखविण्याचा अवकाश आहे.

पखवाजवाल्या बाबांना नगरला डॉक्टरांकडे नेले. औषध सुरू झाले. पहिले तीन आठवडे काहीच फरक दिसेना तेव्हा ते बंद करण्याची घाई झाली, पण डॉक्टरांनी बजावून ठेवले होते की, ह्या वयात गुण यायला दीड-दोन महिने लागतात. सुनेने गोळ्या चुकू दिल्या नाहीत. पुढे झोप आली, मग भूक आली. मुलगे चैत्रातच परतले, त्यांच्या आधी बाबा परतले होते. परिस्थितीत तिळमात्र बदल झालेला नव्हता. तोच एकांत, तेच ऊन. परिस्थिती हाच आजार असता तर हे घडते ना. ‘दुसरे करणार तरी काय?’ ह्या प्रश्नाचे हे साधे उत्तर आहे, आणि ते अद्याप आपल्या रंगभूमीने दिलेले नाही.

‘हाय खाल्ली’ ह्या प्रयोगात मला एकच न्यून दिसते. आपण तो नेहमी भूतकाळात वापरतो. मुलगा गेला आणि त्याने हाय खाल्ली. बायको गेली आणि वर्षभरात तोही गेला, हाय खाल्ली त्याने. माणूस उठून गेल्यावर, बाराव्या-तेराव्याला जमलेल्या मंडळींत हे निदान होते. ते अचूक असते, फक्त उशिरा होते. आपल्या लेखकांकडून आणि आपल्या घरांकडून माझे मागणे इतकेच की, हा शब्दप्रयोग त्यांनी वर्तमानकाळात आणावा. समोर बसलेला माणूस भाकरी चिवडतो आहे, पखवाजावरचे फडके दोन महिने निघालेले नाही, आणि तो म्हणतो आहे की हात दुखतात. अशा वेळी घरातल्या कोणी तरी म्हटले पाहिजे, ‘हा हाय खातो आहे’. आणि उठून डॉक्टरकडे जायच्या तयारीला लागले पाहिजे.